फंडातून घर बांधताना : आधी हिशेब, मग अर्ज



या पानावर आपण नेहमी लागण, खोडवा, खताचे हप्ते व पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. या अंकात विषय थोडा वेगळा घेतला आहे. लागणीच्या नोंदी घेत गटात फिरताना उसाच्या प्रश्नाबरोबर हाही प्रश्न हल्ली हमखास निघतो. "साहेब, आमचा धाकटा कारखान्यात आहे. त्याच्या फंडातनं घरासाठी पैसे निघतात म्हणे. वस्तीवर दोन खोल्या वाढवून स्लॅब टाकायचाय. काढावा का फंड?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत एक भाऊ मळ्यात व दुसरा नोकरीत अशी विभागणी असते. कोणी कारखान्यात, कोणी सुप्याच्या किंवा नगरच्या एमआयडीसीत, कोणी शाळेवर. उसाचे बिल सोसायटीच्या कर्जात व पुढच्या लागणीत जिरते आणि घराचे काम निघाले की सगळ्यांची नजर नोकरीवाल्याच्या फंडाकडे वळते. 'घर पहावे बांधून' ही म्हण काही उगीच पडलेली नाही. तेव्हा या फंडातून किती निघते, काढल्यावर मागे काय उरते आणि आपल्या शेतकरी कुटुंबात त्यात कोणती अडचण येते, हे क्रमाने पाहू.

१) फंड म्हणजे काय?

आपल्या जिल्ह्यात लोणी येथे पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. शेतकऱ्यांनी थोडे थोडे भागभांडवल जमवले आणि त्यातून कारखाना उभा राहिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. आरंभी तो सहा उद्योगांना लागू होता, पुढे साखर उद्योगही त्यात आला. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी विचार एकच आहे. एकेकट्याला एकदम जमत नाही ते दरमहा किंवा दरसाल थोडे बाजूला काढून जमवायचे.

कामगाराच्या मूळ पगार व महागाई भत्त्यावर १२ टक्के वर्गणी त्याच्या पगारातून कापली जाते व तेवढीच कारखाना भरतो. मात्र कारखान्याची सगळी रक्कम फंडात जात नाही. त्यातील ८.३३ टक्के भाग १९९५ च्या पेन्शन योजनेकडे जातो. त्यासाठी १५,००० रुपये पगाराची मर्यादा २०१४ पासून धरली गेली, म्हणजे दरमहा जास्तीत जास्त १,२५० रुपये. उरलेला भाग फंडात जमा होतो. घरासाठी जे पैसे काढतो ते फंडातले असतात, पेन्शनच्या खात्यातले नव्हेत. त्यामुळे फंड काढला म्हणून पेन्शन कमी होत नाही. हा गैरसमज पुष्कळांना आहे, तो दूर करावा.

पण पेन्शन किती असते तेही पाहावे. १५,००० पगार धरून ३० वर्षे सेवा झाली तरी ती साधारण साडेसहा-सात हजारांच्या घरात बसते आणि जुन्या कामगारांना याहून पुष्कळ कमी मिळते. औषधपाणी, नातवंडांचे येणे-जाणे आणि घरखर्च एवढ्यावर भागत नाही. म्हणून म्हातारपणाचा खरा आधार फंडाचा असतो.

२) घरासाठी किती निघतो?

१९५२ च्या योजनेतील परिच्छेद ६८-ब प्रमाणे अनेक वर्षे हा नियम राहिला : सभासदत्वाला ५ वर्षे पूर्ण झाली की जागा घेण्यासाठी २४ महिन्यांच्या पगाराइतकी आणि घर घेण्यासाठी किंवा बांधण्यासाठी ३६ महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम काढता येते. पगार म्हणजे मूळ पगार व महागाई भत्ता. ही रक्कम, खात्यावरील स्वतःचा व मालकाचा हिस्सा व्याजासह, आणि घराचा प्रत्यक्ष खर्च, या तिन्हींत जी सर्वांत कमी असेल तेवढीच मिळते.

उदाहरण घेऊ. पगार १८,००० रुपये. ३६ महिन्यांचे झाले ६,४८,०००. खात्यावर दोन्ही हिस्से मिळून ५,१०,०००. घराचा खर्च ९,००,०००. तर मिळतील ५,१०,००० रुपये. म्हणजे खाते जवळजवळ रिकामे होते.

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने यात मोठा बदल ठरवला. पैसे काढण्याच्या तेरा वेगवेगळ्या तरतुदी एकत्र करून तीन गट करायचे, त्यातला एक गट घराचा. सेवेची किमान अट सगळीकडे १२ महिन्यांची. आणि खात्यातील वर्गणीच्या २५ टक्के रक्कम किमान शिल्लक म्हणून मागे ठेवायची. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. नियमांचा हा काळ बदलाचा आहे. म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी कोणता नियम चालू आहे ते कारखान्याच्या टाइम ऑफिसात विचारूनच पुढे जावे. शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी किती काढले यावर आपला अंदाज बांधू नये.

चौथा हिस्सा मागे ठेवण्याचा विचार आपल्याला नवा नाही. शहाणा शेतकरी बेणेमळा कारखान्याला घालवत नाही. भाव कितीही चढो, पुढच्या लागणीपुरते बेणे तो राखतोच.

३) ही उचल आहे, कर्ज नाही

इथे जरा थांबून समजून घ्यायला हवे. "फंडातून कर्ज काढले" असे आपण बोलतो खरे, पण घरासाठी काढलेली ही रक्कम कर्ज नसते. तिला व्याज नाही, हप्ता नाही, वसुलीला कोणी दारात येत नाही. ऐकायला बरे वाटते. पण बघा, उचल दोन प्रकारची असते. तोडणी टोळीला दिलेली उचल कामातून फेडून घेतली जाते. सभासदाला मिळणारी उसाची पहिली उचल ही त्याच्याच मालाच्या पैशातली असते, ती फेडायची नसते. मात्र अंतिम हिशेबाच्या वेळी तेवढी वजा होऊन उरलेले हातात पडते. फंडाची रक्कम या दुसऱ्या प्रकारची आहे. अंतिम हिशेब होतो तो निवृत्तीच्या दिवशी, आणि त्या वेळी नुसती काढलेली रक्कम वजा होत नाही, तिच्यावर इतक्या वर्षांत चढले असते ते व्याजही वजा होते.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला तेही पाहण्यासारखे आहे. सिंगापूरमध्ये १९५५ पासून असाच सक्तीचा फंड आहे व १९६८ पासून तो सरकारी घरे घेण्यासाठी वापरू दिला गेला. तिथली पुष्कळ कुटुंबे त्यातूनच स्वतःच्या घरात गेली. पण घर विकले की फंडातून घेतलेली मूळ रक्कम, तिच्यावर चढले असते त्या व्याजासह, पुन्हा स्वतःच्या खात्यात भरावी लागते. अमेरिकेत निवृत्तीच्या खात्यातून कर्ज घेण्याची सोय आहे. ते साधारण पाच वर्षांत आपल्याच खात्यात फेडायचे असते, राहत्या घरासाठी घेतले तर मुदत जास्त मिळते. दोन्हीकडे खड्डा भरून काढण्याची काहीतरी व्यवस्था आहे. आपल्या घराच्या उचलीला ती नाही. म्हणून ती ज्याची त्याने करायची आहे.

४) तीन लाखांचा वीस वर्षांचा हिशेब

कामगाराचे वय ३८. घरासाठी फंडातून ३ लाख काढले. निवृत्ती ५८ व्या वर्षी धरू. फंडाला २०२३-२४ व २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले. १९८९-९० ते १९९९-२००० या काळात ते १२ टक्के होते, म्हणजे दर कमी-जास्त होतो. हिशेबापुरता ८.२५ धरू.

या दराने रक्कम पावणेनऊ वर्षांत दुप्पट होते. ३ लाखांचे १० वर्षांत सुमारे ६ लाख ६३ हजार होतात आणि २० वर्षांत सुमारे १४ लाख ६४ हजार. शेवटच्या दहा वर्षांत जी वाढ होते ती पहिल्या दहा वर्षांच्या दुपटीहून जास्त आहे. आडसाली उसाचे असेच असते. पहिले काही महिने नुसती फूट दिसते, वजन धरतो तो पुढे. फुटव्यात असतानाच तोडला तर टनेज कुठून मिळणार?

यावर कोणी म्हणेल, "साहेब, वीस वर्षांनी चौदा लाखांना काय किंमत राहणार? आज घर झाले तर घराची किंमत वाढेल." बरोबर आहे. रुपयाची किंमत घटते आणि चांगल्या जागेच्या घराची वाढते. पण वस्तीवरचे घर आपण विकणार नाही, भाड्यानेही देणार नाही. त्याने डोक्यावर छप्पर दिले, लेकरे कोरड्यात झोपली, हे मोल आहेच. मात्र साठीनंतर दवाखान्याचे बिल स्लॅबमधून भरता येत नाही. दोन्ही गरजा खऱ्या आहेत, म्हणून दोन्हींचा हिशेब हवा.

आता दुसरी बाजू. फंडाला हात न लावता तेच ३ लाख बँकेचे गृहकर्ज म्हणून ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ३,०४० रुपये बसतो. उलट फंडातून ३ लाख काढले आणि तो खड्डा १५ वर्षांत भरून काढायचे ठरवले, तर दरमहा सुमारे २,८५० रुपये फंडात जास्तीचे भरावे लागतील. म्हणजे दोन्ही वाटांत फरक महिन्याला दोनशे रुपयांच्या आत आहे! फंड 'फुकट' आहे असे जे वाटते ते केवळ हप्ता मागायला कोणी येत नाही म्हणून.

यावरून तीन गोष्टी निघतात.

पहिली : बँकेचे गृहकर्ज नऊ टक्क्यांच्या आसपास मिळत असेल व हप्ता झेपत असेल, तर फंड शाबूत ठेवणे चांगले.

दुसरी : बँक उभी करत नसेल आणि पतसंस्थेचे तेरा-चौदा टक्के किंवा त्याहून महाग खासगी देणे डोक्यावर घ्यावे लागत असेल, तर फंड वापरणे शहाणपणाचे आहे. १३ टक्क्यांनी १५ वर्षांत त्याच ३ लाखांचा हप्ता ३,८०० च्या आसपास जातो. शेतजमिनीवरच्या घराला बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत, म्हणून आपल्याकडे ही वेळ पुष्कळांवर येते.

तिसरी : फंड काढलाच, तर त्याच महिन्यापासून ऐच्छिक वाढीव वर्गणी सुरू करावी. कामगाराला १२ टक्क्यांपेक्षा जास्त वर्गणी स्वखुशीने कापून घेता येते व तिला फंडाचेच व्याज मिळते. मालकाने तेवढी भरली पाहिजे असे मात्र नाही. टाइम ऑफिसात अर्ज दिला की पगारातूनच कपात होते. पैसा हातात येऊन मग भरू म्हटले तर तो राहत नाही, हे आपल्याला उसाच्या बिलावरून माहीत आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. फंडाला जोडलेली विम्याची योजना १९७६ पासून आहे. नोकरीत असताना कामगाराचा मृत्यू झाला तर वारसांना त्यातून रक्कम मिळते, २०२१ मध्ये तिची कमाल मर्यादा ७ लाख झाली. या रकमेचा एक भाग पगारावर व दुसरा भाग फंडातील गेल्या बारा महिन्यांच्या सरासरी शिलकेवर ठरतो. शिलकेच्या निम्मे, पण जास्तीत जास्त १ लाख ७५ हजार. खाते रिकामे केले की विम्याचा हा भागही आटतो. घरात कमावता तोच एक असेल तर याचा विचार जरूर करावा.

५) सात-बाराची अडचण

आता आपल्या शेतकरी कुटुंबातली मुख्य गोष्ट. परिच्छेद ६८-ब मध्ये अशी अट होती की, ज्या जागेवर घर बांधायचे ती सभासदाच्या, त्याच्या पत्नीच्या किंवा पतीच्या, अथवा दोघांच्या मिळून नावावर असावी. इतरांबरोबर सामाईक असलेल्या जागेवर बांधकामासाठी किंवा सामाईक मिळकतीतला हिस्सा विकत घेण्यासाठी रक्कम मिळत नाही.

आपल्या वस्त्यांचे सात-बारे काढून पाहा. कित्येक उताऱ्यांवर अजून वडिलांचे नाव, नाहीतर वारसनोंद होऊन आई, तिन्ही भाऊ व बहिणी अशी सगळी नावे आहेत. घर मात्र धाकट्याच्या फंडातून उठते. २०१७ पासून अर्जाबरोबरचे कागद कमी झाले, स्वयंघोषणेवर रक्कम मिळू लागली. त्यामुळे अडचण अर्जाच्या वेळी दिसत नाही. ती पंधरा-वीस वर्षांनी, वाटणीच्या दिवशी दिसते.

समजा दोन भाऊ आहेत. थोरला मळा पाहतो, धाकटा कारखान्यात. धाकट्याने फंडातले पाच लाख घालून वडिलांच्या नावच्या गटात चार खोल्या बांधल्या. सगळे एकत्र राहिले, कोणी काही लिहून ठेवले नाही. वडील गेले, मुले मोठी झाली, वाटणीची बोलणी सुरू झाली. धाकटा म्हणतो, "घर माझ्या फंडाचं." थोरला म्हणतो, "जमीन बापाची. आणि तू शिकलास तो माझ्या कष्टाच्या उसावर." बहिणींचा हक्क निराळाच. आपल्या राज्यात १९९४ मध्ये व देशभर २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हिस्सा मिळाला आहे. यात खोटे कोणीच बोलत नाही. थोरल्याचे कष्ट खरे, धाकट्याचा फंड खरा, बहिणीचा हक्क खरा. पण कागद नसल्याने भांडण तालुक्याच्या कोर्टात जाते आणि ज्या वयात फंड हातात असायचा त्या वयात धाकट्याच्या हातात ना फंड, ना घराचा उतारा.

हे टाळण्याच्या वाटा आहेत आणि त्या अवघड नाहीत.

(अ) घर बांधण्याआधी वाटप करून घ्यावे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ८५ नुसार सर्व सहहिस्सेदारांनी संमतीने तहसीलदारांकडे अर्ज केला तर शेतजमिनीचे वाटप होऊन स्वतंत्र नोंदी होतात. सगळे एकदिलाने नांदत असतात तेव्हाच हे काम सोपे असते.

(आ) पूर्ण वाटप नको असेल तर निदान घराच्या जागेपुरता हिस्सा ठरवून, वकिलाच्या सल्ल्याने लेखी व नोंदणीकृत दस्त करावा. बहिणींना बोलावून, समजावून सही घ्यावी. पाठीमागे उरकू नये.

(इ) गावठाणात स्वतःची जागा असेल तर तिथे बांधण्याचा विचार करावा. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. अशा जागेवर कर्ज मिळण्यासही मदत होते.

(ई) जागा पती-पत्नी दोघांच्या नावावर करावी. नियमात ते बसते आणि पाठीमागे राहणाऱ्या माउलीला कोणी "निघ" म्हणू शकत नाही.

(उ) खर्च स्वतःच्या खात्यातून चेकने किंवा खात्यावर भरणा करून करावा. सिमेंट, लोखंड, मिस्त्री यांच्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवाव्यात.

थोरल्या भावांनाही एक विनंती. धाकट्याचा फंड म्हणजे घरातले पडीक रान नव्हे. आपल्याला म्हातारपणी जमीन आहे. त्याची जमिनीतली वाटणी लहान, पगार साठीच्या आत बंद होणार. त्याच्याकडे घरासाठी मागताना, "तुझ्या पुढच्या दिवसांचं काय?" हेही विचारावे. फंडातून निम्मे घेतले तर निम्मे घर-मळ्याच्या उत्पन्नातून उभे करावे. एकत्र कुटुंबाची शोभा त्यातच आहे.

६) दुसऱ्या कामासाठी 'घर' दाखवू नका

घरासाठी म्हणून फंड काढायचा आणि ट्रॅक्टरचा हप्ता, विहिरीचे खोदकाम किंवा लग्न उरकायचे, असे प्रकार होतात. योजनेप्रमाणे रक्कम मिळाल्यापासून सहा महिन्यांत बांधकाम सुरू व्हावे लागते आणि रक्कम भलत्या कामाला वापरली असे दिसल्यास ती दंडव्याजासह वसूल होऊ शकते. आजारपण, शिक्षण, लग्न यांसाठी योजनेत वेगळ्या तरतुदी आहेत. ज्याची गरज आहे तेच कारण लिहावे.

७) शेतकऱ्याचाही फंड असतो

काही सभासद म्हणतात, "नोकरीवाल्यांचं ठीक आहे, आमच्या म्हातारपणाचं काय?" त्यांच्यासाठी सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी आहे. ही योजना १९६८ ची, तिचे नवे नियम २०१९ मध्ये आले. पोस्टात किंवा बँकेत कोणालाही खाते उघडता येते. वर्षाला किमान ५०० व जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. मुदत १५ वर्षांची. २०२० ते २०२५ या काळात व्याज ७.१ टक्के राहिले. या खात्यातील रकमेवर कोर्टाची जप्ती येत नाही, हा शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठा गुण आहे.

हंगाम संपताना उसाच्या पैशातून दरसाल १२,००० रुपये एप्रिलच्या ५ तारखेच्या आत भरले, तर १५ वर्षांत भरलेले होतात १ लाख ८० हजार आणि ७.१ टक्क्यांनी मिळतात सुमारे सव्वातीन लाख. एका एकराच्या उसात एवढे बाजूला काढणे अशक्य नाही.

यातून मात्र खरे कर्ज मिळते. खाते उघडलेले आर्थिक वर्ष संपल्यावर एक वर्ष झाले की पुढच्या काळात, पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत, दोन वर्षांपूर्वीच्या अखेरच्या शिलकेच्या २५ टक्क्यांपर्यंत ते घेता येते. मुद्दल ३६ महिन्यांत फेडायचे व व्याज १ टक्का. मुदतीत फेडले नाही तर हाच दर ६ टक्के होतो. पाच वर्षांनंतर कर्ज बंद होऊन ठरावीक मर्यादेत, साधारण निम्म्यापर्यंत, रक्कम काढता येते. घराचा पाया किंवा पत्रे एवढ्या कामाला हे कर्ज पुरते आणि परत भरायचे असल्याने खाते पुन्हा भरते.

घरात कोणी शिक्षक किंवा सरकारी नोकर असेल तर त्याचा फंड वेगळ्या नियमाचा आहे. राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा नंतर लागलेल्यांना नव्या पेन्शन पद्धतीत घातले गेले. तिथे घरासाठी स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंतच रक्कम निघते आणि वडिलोपार्जित घर सोडून दुसरे घर आधीच नावावर असेल तर निघत नाही. तेव्हा कारखान्यातल्या भावाचा नियम शाळेवरच्या भावाला लावू नये.

८) मालक म्हणून आपले काम

आपण ऊस उत्पादक आहोत तसेच कारखान्याचे मालकही आहोत. कामगाराच्या पगारातून कापलेली व कारखान्याने भरायची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरली जाणे आवश्यक आहे. राज्यातील काही साखर कारखाने अडचणीत आले तेव्हा कामगारांचे फंड थकले. ज्याचा फंड भरलाच नाही त्याने घरासाठी अर्ज कसा करायचा? २००९ मध्ये राज्यातील सहकारी साखर कारखान्यांच्या संदर्भातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फंडाच्या थकबाकीला बँकेच्या तारण-साखरेवरील हक्कापेक्षाही अग्रक्रम दिला. कायदा ही रक्कम इतकी महत्त्वाची मानतो. थकबाकीवर व्याज व दंड बसतो आणि तो अखेर कारखान्याच्या, म्हणजे आपल्याच, पैशातून जातो. सर्वसाधारण सभेत ताळेबंद वाचताना भावाचा आकडा पाहतो तसा फंडाच्या देण्याचाही आकडा पाहावा. त्या कामगारांत कोणाचा ना कोणाचा भाऊ, मुलगा असतोच.

९) अर्जापूर्वी एवढे पाहा

१. खाते क्रमांक सगळ्या नोकऱ्यांचा मिळून एकच आहे ना? जुन्या नोकरीचा फंड वर्ग करून घ्या. हंगामी कामगारांनी आपली सभासदत्वाची वर्षे पासबुकात तपासावीत.

२. आधार, बँक खाते व जन्मतारीख जुळते का?

३. वारसाचे नाव अद्ययावत आहे का? लग्नाआधी दिलेली नावे लग्नानंतर नव्याने भरावी लागतात.

४. घराची जागा कोणाच्या नावावर आहे? उतारा काढून हातात घ्या.

५. मिस्त्रीचा खर्चाचा अंदाज लेखी आहे का? अंदाजावर निदान पंधरा-वीस टक्के जास्त धरा. अर्धवट घर व रिकामा फंड यापेक्षा वाईट स्थिती नाही. आधी दोन खोल्या पुऱ्या करा, वरचा मजला पुढे बघू.

६. बँकेच्या कर्जाचा दर व हप्ता विचारून आलात का?

७. फंडात दरमहा वाढीव किती भरणार? आकडा अर्जाच्या दिवशीच ठरवा.

८. घरच्या बाईमाणसाला हा सगळा हिशेब सांगितला का? म्हातारपण दोघांचे आहे.

या आठांपैकी चौथ्या व सातव्या प्रश्नाचे उत्तर तयार नसेल तर अर्ज महिनाभर मागे ठेवावा. तेवढ्याने घर अडत नाही. उत्तरे तयार असतील तर निःशंक मनाने फंड काढावा व घर बांधावे. तो पैसा आपलाच आहे आणि स्वतःच्या घरासाठी तो वापरण्यात काही गैर नाही.

घरातील नोकरीवाल्या माणसाला हा लेख वाचून दाखवावा. काही शंका असल्यास फंडाच्या कामासाठी टाइम ऑफिसात व वाटपाच्या कामासाठी आपल्या तलाठी कार्यालयात चौकशी करावी. पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाचा विषय घेऊ.



आपला,
ऊस विकास अधिकारी